गुळवेल, प्रयोगशाळा आणि बाजार : डॉ. शारदिनी डहाणूकर यांच्या संशोधन-प्रकाशनांचा प्रभाव
(शहापूर-मुरबाड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे, जंगलाचे आणि आदिवासी वस्तीचे तालुके होत. शेणवा, किन्हवली, डोळखांब, टोकावडे या गावांच्या परिसरात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली समाजाची वस्ती आहे. येथील वनोपजांच्या यादीत मोहाची फुले, हिरडा, बेहडा यांच्याबरोबर गुळवेलीचेही नाव येते. झाडांवर चढणारी, हृदयाकृती पानांची आणि चवीला कडू अशी ही वेल कुंपणांवरही सहज आढळते. ताप आणि कावीळ यांवर तिचा काढा देण्याची रीत जुनी आहे.

मुंबईला पाणी पुरवणारे तानसा व भातसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत. ज्या महानगराला हा तालुका पाणी देतो, त्याच महानगरातील परळ येथील एका वैद्यकीय महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गुळवेलीचा शास्त्रीय अभ्यास झाला. डॉ. शारदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाले. त्यांचे दाखले देत पुढील संशोधन उभे राहिले आणि अखेरीस गुळवेल घरोघरच्या ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ काढ्यांत पोहोचली. २०२० नंतर शहापूरच्या जंगलातून गुळवेलीची जी मोठी मागणी झाली, तिच्यामागे हा दीर्घ इतिहास आहे.

संशोधकाच्या प्रकाशनांचा प्रभाव सामान्यतः संदर्भसंख्येवरून मोजला जातो. निबंधातील निष्कर्ष किती जणांनी उचलला, हे त्या संख्येवरून कळते. तो निष्कर्ष ज्या अटींवर उभा होता, त्या अटीही उचलल्या गेल्या काय, हे मात्र कळत नाही. डॉ. डहाणूकर यांच्या गुळवेलीवरील निबंधमालेच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे आणि त्याचे परिणाम शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका : परळ येथील औषधशास्त्राची परंपरा

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयात भारतीय वनस्पतींचा रुग्णांवरील अभ्यास डॉ. डहाणूकर यांच्या बऱ्याच आधीपासून होत होता. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे होती. या निबंधामुळे सर्पगंधा पाश्चात्त्य वैद्यकाच्या दृष्टिपथात आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

सर्पगंधेच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे, मर्यादित रुग्णसंख्येचा पण काटेकोर असा एक निबंध जगाच्या औषधव्यवहाराला वळण देऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी की, हे वळण अखेर जंगलापर्यंत पोहोचते. मुळांसाठी उपटल्या जाणाऱ्या सर्पगंधेचे प्रमाण घटत गेले आणि १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्य प्रजातींच्या व्यापारविषयक कराराच्या नियंत्रणाखाली आला. रेसर्पिनमुळे काही रुग्णांत नैराश्य येते, ही तक्रारही पुढे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली. गुळवेलीच्या बाबतीत हेच प्रश्न वेगळ्या रूपात उभे राहिले.

याच महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात डॉ. आर. एस. सातोस्कर यांनी अध्यापन केले. डॉ. एस. डी. भांडारकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याचा शस्त्रक्रियेनंतरच्या दाहावर काय परिणाम होतो, याचा रुग्णांवरील अभ्यास डॉ. सातोस्कर यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. परंपरेने वापरलेली वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्यांवर तपासावी, असे वातावरण या संस्थेत होते. डॉ. डहाणूकर यांचे कार्य या वातावरणात घडले.

२. प्रकाशनांचा कालक्रम

क्लिनिकल फार्माकॉलॉजी म्हणजे औषधाचा प्रत्यक्ष रुग्णाच्या संदर्भात अभ्यास करणारी औषधशास्त्राची शाखा. औषध कोणाला, किती मात्रेत, किती काळ आणि कोणत्या सहऔषधांसोबत द्यावे, हे या शाखेचे मूलभूत प्रश्न होत. डॉ. डहाणूकर यांचे सुरुवातीचे निबंध या प्रश्नांभोवतीच फिरतात. १९८२ मध्ये ‘इंडियन ड्रग्ज’ या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या त्रिकटू या मिश्रणाचा रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाच्या उपलब्धतेवर होणारा परिणाम अभ्यासला. क्षयरोगाचा रुग्ण एकीकडे सरकारी दवाखान्यातील गोळ्या घेतो आणि दुसरीकडे घरचे चूर्णही घेतो, हे भारतातील वास्तव होते. या दोहोंचा एकमेकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेला. १९८४ मध्ये पिंपळीच्या ॲलर्जीविरोधी गुणांचा आणि बालदम्यातील तिच्या उपयोगाचा अभ्यास त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९८६ मध्ये डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासह लिहिलेला आयुर्वेद व समकालीन वैज्ञानिक विचार या विषयावरील त्यांचा निबंध ‘ट्रेंड्स इन फार्माकॉलॉजिकल सायन्सेस’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. १९८९ मध्ये याच दोघींचे ‘आयुर्वेद रिव्हिजिटेड’ हे पुस्तक पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये ‘फायटोमेडिसिन’मध्ये आयुर्वेदाच्या तत्कालीन स्थितीचा आढावा, १९९९ मध्ये ‘फायटोथेरपी रिसर्च’मध्ये सहा रसायन वनस्पतींवरील विस्तृत निबंध आणि २००० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये औषधी वनस्पतींच्या औषधशास्त्राचा सविस्तर आढावा, असा हा क्रम आहे.

या सूचीची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले वैशिष्ट्य प्रकाशनस्थळांचे. परदेशी नियतकालिकांबरोबरच केईएमच्या अध्यापकांनी १९५५ पासून चालवलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’ यांत त्यांचे अनेक महत्त्वाचे निबंध आले. म्हणजे येथील रुग्णाविषयीचा निष्कर्ष येथील डॉक्टरांच्या हाती प्रथम पडला. दुसरे वैशिष्ट्य लेखकक्रमाचे. गुळवेलीवरील अनेक निबंधांत पहिले नाव डॉ. थत्ते किंवा डॉ. निर्मला रेगे यांचे असून डॉ. डहाणूकर यांचे नाव अखेरीस येते. वैद्यकीय संशोधनात शेवटचे नाव बहुधा मार्गदर्शकाचे असते. पुढे डॉ. थत्ते यांनी केईएममधील क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाचे नेतृत्व केले, तर डॉ. रेगे यांनी तेथील आयुर्वेद संशोधन केंद्रातून हे काम पुढे नेले. संशोधकाचा प्रभाव त्याने घडवलेल्या सहकाऱ्यांच्या रूपाने टिकतो. संदर्भसूचीत हा प्रभाव वेगळा मोजता येत नाही.

मराठी वाचकांना डॉ. डहाणूकर यांची ओळख ‘वृक्षगान’, ‘फुलवा’ यांसारख्या पुस्तकांच्या लेखिका म्हणूनही आहे. वनस्पतीकडे पाहण्याची त्यांची आस्था आणि वनस्पतीच्या गुणांविषयीचा त्यांचा शास्त्रीय संयम या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत नांदत होत्या, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

३. गुळवेलीवरील निबंधमाला

गुळवेलीस संस्कृतात गुडूची, अमृता, छिन्नरुहा अशी नावे आहेत. चरकसंहितेत मेध्य रसायनांमध्ये तिची गणना होते. रसायन म्हणजे शरीरधातूंचे पोषण करून व्याधिक्षमत्व वाढवणारे द्रव्य. ‘व्याधिक्षमत्व’ या संकल्पनेला आधुनिक भाषेत कोणत्या मोजमापाने तपासता येईल, हा केईएममधील गटापुढील प्रश्न होता. त्यांनी या प्रश्नाचे लहान लहान, मोजता येण्याजोगे भाग केले.

१९८८ मध्ये डॉ. थत्ते व डॉ. डहाणूकर यांनी गुळवेल, अश्वगंधा, शतावरी आणि कुटकी यांची तुलना लिथियम कार्बोनेट व ग्लुकन या ज्ञात द्रव्यांशी केली. सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. ही घट या वनस्पतींनी किती रोखली जाते, हे प्राण्यांवर मोजण्यात आले. त्याच वर्षी उंदरांच्या उदरपोकळीत निर्माण केलेल्या जंतुदोषावर गुळवेलीचा परिणाम अभ्यासला गेला. १९९२ मधील निबंधात ई. कोलाय या जंतूमुळे होणाऱ्या उदरदाहाचा अभ्यास होता. गुळवेल स्वतः जंतूंना मारत नाही. शरीरातील न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची व नष्ट करण्याची क्षमता तिच्यामुळे सुधारते, असा त्याचा आशय होता. वनस्पतीने काय केले आणि काय केले नाही, या दोन्ही गोष्टी त्यात सारख्याच स्पष्टपणे नोंदल्या होत्या.

यापुढचा टप्पा रुग्णशय्येचा होता. पित्तवाहिनीत अडथळा आल्यास अवरोधी कावीळ होते. या अवस्थेत शरीराची जंतूंशी लढण्याची क्षमता खालावते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुदोष पसरून रुग्ण दगावण्याचा धोका वाढतो. शल्यचिकित्सकांना सतावणारी ही अडचण होती. १९८९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये डॉ. रेगे, डॉ. डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधी काविळीत खालावलेल्या प्रतिकारक्षमतेवर गुळवेलीचा परिणाम उंदरांमध्ये दाखवला. या कामात केईएमचे शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांचा सहभाग होता. ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ या आत्मकथनामुळे ते मराठी वाचकांना परिचित आहेत. औषधशास्त्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या या सहकार्यातून १९९३ चा निबंध जन्मला.

४. १९९३ मधील दोन निबंध

१९९३ हे वर्ष या निबंधमालेत निर्णायक ठरते. त्या वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’मध्ये डॉ. रेगे, डॉ. बापट, डॉ. डहाणूकर व सहकाऱ्यांचा अवरोधी काविळीतील गुळवेलीच्या उपयोगाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोगजन्य अवरोधी कावीळ असलेल्या ३० रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि साचलेल्या पित्ताचा निचरा हे रूढ उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला याच उपचारांच्या जोडीने निचऱ्याच्या काळात गुळवेल देण्यात आली. तिची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दररोज १६ मिलिग्रॅम अशी होती. पहिल्या गटातील ५० टक्के रुग्णांत रक्तातील जंतुदोषाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात ती दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ९२.४ टक्के होते.

हे आकडे लक्षवेधी होते. त्यांना ज्या चौकटीत अर्थ होता, ती चौकटही तितक्याच काळजीने आखलेली होती. तिच्या पाच अटी सांगता येतात. रुग्ण विशिष्ट होता, म्हणजे ज्याची प्रतिकारक्षमता आजाराने खालावली आहे असा. औषध ओळख पटवलेल्या वनस्पतीपासून तयार केलेले होते. मात्रा वजनावर ठरवलेली होती. कालावधी निचऱ्यापुरता मर्यादित होता. आणि या साऱ्यावर रुग्णालयाची देखरेख होती. शिवाय गुळवेल रूढ उपचारांच्या जोडीने दिली होती, त्यांच्याऐवजी नव्हे. रुग्णसंख्या ३० च होती, हेही विसरून चालणार नाही. निरोगी माणसाने रोज गुळवेल घ्यावी काय, हा प्रश्न या निबंधाने विचारलाच नव्हता.

त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये डॉ. थत्ते, डॉ. रेगे, डॉ. फाटक आणि डॉ. डहाणूकर यांचा एक छोटा निबंध आला. आयुर्वेदाची दुसरी बाजू, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. वनस्पतिजन्य औषध निसर्गातून येते म्हणून ते निरुपद्रवीच असते, या समजुतीची त्यात चिकित्सा होती आणि अशा औषधांच्या प्रतिकूल परिणामांकडे लक्ष वेधले होते. औषध अयोग्य रीतीने वापरल्यास विषासमान ठरते, हा विचार चरकसंहितेलाही परका नाही. गुळवेलीचे गुण रुग्णशय्येवर दाखवणाऱ्या गटानेच त्याच वर्षी ही सावधगिरी नोंदवली, ही बाब वैज्ञानिक सचोटीची द्योतक आहे.

या दोन निबंधांचे पुढील आयुष्य सारखे झाले नाही. पहिल्याचा आशय प्रयोगशाळांतून परीक्षणलेखांत, तेथून औषधकंपन्यांच्या माहितीपत्रकांत आणि अखेरीस जाहिरातींत उतरला. दुसऱ्याचा आशय औषधशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहिला. बाजाराला गुणांचा दाखला हवा असतो, मर्यादांचा नको असतो.

५. प्रभावाचा विस्तार

पहिल्या निबंधाने सुरू केलेला मार्ग पुढील संशोधकांनी काही काळ त्याच शिस्तीने चालवला. २००७ मध्ये केईएममधील शल्यचिकित्सक डॉ. अविनाश सुपे यांच्या सहभागाने मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांत गुळवेलीचा पूरक उपयोग तपासला गेला. २००८ मध्ये नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी एचआयव्हीबाधित ६८ रुग्णांवर तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. या अभ्यासांत रुग्ण ठरावीक होते, तुलनेसाठी दुसरा गट होता आणि कालावधी बांधलेला होता.

समांतरपणे दुसरा विस्तार होत होता. परीक्षणलेखांत ‘विशिष्ट रुग्णांत न्यूट्रोफिल पेशींचे कार्य सुधारते’ या विधानाचे ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे संक्षिप्त रूप झाले. संक्षेप करताना रुग्ण, मात्रा व कालावधी हे तपशील गळाले. पुढच्या लेखकाने मूळ निबंधाऐवजी परीक्षणलेख वाचला, त्याच्या पुढच्याने त्याचा सारांश. दरवेळी संदर्भसंख्या एकाने वाढली आणि अट एकाने कमी झाली. हा दोष मूळ संशोधकांचा म्हणता येत नाही, तो विद्वत्व्यवहाराच्या सवयीचा दोष आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीने या विस्ताराला अपूर्व गती मिळाली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाने कोविडच्या व्यवस्थापनासाठी आयुर्वेद व योग यांवर आधारित राष्ट्रीय कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यात गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता आणि मात्रा व कालावधीही दिलेला होता. घराघरांत मात्र या मर्यादा पाळल्या गेल्याच असे नाही. कुंपणावरची वेल तोडून तिचा काढा महिनोन्‌महिने घेणारी कुटुंबे शहरात आणि खेड्यात दोन्हीकडे होती.

६. शहापूरच्या जंगलात

गुळवेलीची मागणी वाढल्यावर ती पुरवणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न विद्वत्तेच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. या प्रकरणात त्याचे उत्तर ठाऊक आहे. शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या संस्थेने, कातकरी समाजातील एका तरुणाच्या व त्याच्या मित्रांच्या पुढाकाराने, गुळवेल गोळा करून विकण्याचे काम उभारले. प्रधानमंत्री वनधन योजनेचा तिला आधार मिळाला. केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या गटाला औषधकंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी मिळाली. तिचे मूल्य १ कोटी ५७ लाख रुपये होते. म्हणजे किलोमागे सुमारे ४५ रुपये.

कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक होय. वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि शेतमजुरी यांसाठी हंगामी स्थलांतर हे या समाजाच्या जगण्याचे दीर्घकालीन वास्तव आहे. अशा समाजातील तरुणांनी मध्यस्थांना वगळून थेट कंपन्यांशी व्यवहार करणे, ही घटना आर्थिक आणि सामाजिक दोन्ही दृष्टींनी लक्षणीय आहे. १९८८ पासूनच्या निबंधमालेचा हा एक इष्ट परिणाम मानता येईल, जरी कोणत्याही संदर्भसूचीत त्याची नोंद होणार नसली तरी.

याच ठिकाणी गोळा करणाऱ्याच्या ज्ञानाचे मोल कळते. खऱ्या गुळवेलीची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची, पाने गुळगुळीत असतात. तिच्या कुळातील टिनोस्पोरा सायनेन्सिस या जातीच्या पानांच्या खालच्या बाजूस लव असते, तर टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या खोडावर गाठीसारखे उंचवटे असतात. वाळवून तुकडे केल्यावर ही ओळख पटवणे अवघड होते. म्हणून औषधाची पहिली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही, ती जंगलात वेलीवर कोयता पडण्याआधी होते. १९९३ च्या निबंधातील ‘औषध ओळख पटवलेले असावे’ ही अट शेणवा-डोळखांबच्या रानात गुळवेल तोडणाऱ्या माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी, या नावात तोडणीची रीतही सुचवलेली आहे. मूळ व बुंधा राखून वेल तोडली तर ती पुन्हा फुटते. मागणी शेकडो टनांची झाली की ही रीत टिकवणे कठीण जाते, आणि सर्पगंधेचा इतिहास येथे स्मरणात ठेवावा लागतो.

७. यकृताचा प्रश्न

२०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात मुंबईतील यकृततज्ज्ञांचा एक निबंध आला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला इजा झालेले ६ रुग्ण त्यांच्याकडे आले होते आणि या सर्वांनी गुळवेलीचे सेवन केले होते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांचा एकत्रित अभ्यास ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा ४३ रुग्णांची माहिती होती. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या विकाराशी मिळतीजुळती लक्षणे अनेक रुग्णांत आढळली.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पहिल्या निबंधाच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, असा त्याचा रोख होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगतानाच टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीबाबत सावध केले आणि योग्य जातीच वापरण्याचा सल्ला दिला. हा वाद दोन पक्षांचा म्हणून मांडला गेला. औषधशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पक्ष १९९३ च्या अटींकडेच बोट दाखवत होते. यकृततज्ज्ञ विचारत होते, कोणत्या रुग्णाने, किती आणि किती दिवस घेतली? मंत्रालय विचारत होते, घेतलेली वेल कोणती होती? हे प्रश्न नवे नव्हते. संक्षेपात गळालेल्या अटीच रुग्णाच्या रूपाने परत आल्या होत्या.

प्रतिकारक्षमता खालावलेल्या रुग्णात जे द्रव्य उपकारक ठरते, ते ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःविरुद्ध झुकलेली आहे अशा माणसात अपाय करू शकते, ही शक्यता तर्कविसंगत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा सर्वांसाठी सारखाच लाभ मानणे, ही मूळ चूक होय.

ग्रामीण भागात या चुकीची किंमत अधिक असते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कावीळ झाल्यास गावठी औषध देणाऱ्याकडे प्रथम जाण्याची रीत आहे आणि त्या औषधांत गुळवेल असू शकते. एखाद्या रुग्णाची कावीळ मुळात औषधानेच झाली असेल, तर त्याच औषधाची मात्रा वाढवली जाण्याचा धोका संभवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने ‘गेल्या काही महिन्यांत कोणता काढा घेतला?’ असा प्रश्न विचारला नाही, तर रुग्ण ते आपणहून सांगत नाही. कारण त्याच्या लेखी काढा हे औषधच नसते. आयुर्वेदादी औषधांच्या प्रतिकूल परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. पाड्यावरील रुग्णाचा अनुभव त्या नोंदीपर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी हा साधा प्रश्न आहे.

८. मूल्यमापन

संशोधनाच्या मोजमापाचा इतिहास डॉ. डहाणूकर यांच्या कार्याला समांतर चालतो. युजीन गारफिल्ड यांच्या विज्ञान संदर्भ निर्देशांकाने १९६० च्या दशकात संदर्भ मोजण्याची पद्धत रूढ केली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रकाशनांना गुण देण्याची पद्धत आणली. या साऱ्या पद्धतींत निबंध हे एकक आहे आणि दाखला हे नाणे आहे. दाखला मूळ निबंध वाचून दिला की ऐकून, हे त्या नाण्यावर कोरलेले नसते.

डॉ. डहाणूकर यांच्या सूचीला केवळ संख्येने मोजले, तर गुळवेलीचे गुण सांगणारे निबंध वर राहतील आणि प्रतिकूल परिणामांविषयीचा निबंध खाली जाईल. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम अपुरा आहे. २०२१ मधील घटनांच्या प्रकाशात पाहता १९९३ चा तो छोटा निबंध त्यांच्या गटाच्या सर्वांत दूरदर्शी लेखनांपैकी एक ठरतो. त्या दोन निबंधांचा एकत्र विचार केला तरच या गटाची भूमिका पूर्णपणे समजते. वनस्पतीवर विश्वास ठेवायचा तर ती तपासली पाहिजे, आणि तपासणीत जे प्रतिकूल आढळेल तेही लिहिले पाहिजे, अशी ती भूमिका होती.

हा विचार वैद्यकापुरता सीमित नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा कोणत्याही विद्याशाखेत एखाद्या गावाच्या, एखाद्या वर्षाच्या, ठरावीक नमुन्याच्या अभ्यासाचा निष्कर्ष पुढच्या लेखनात सर्वसामान्य सिद्धान्त बनतो. अध्यापक जेव्हा विद्यार्थ्याला संदर्भ द्यायला शिकवतो, तेव्हा निष्कर्षासोबत त्याची व्याप्ती नोंदवायलाही शिकवले, तर ही गळती रोखता येईल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, डॉ. शारदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी परंपरेतील व्याधिक्षमत्वाच्या संकल्पनेला मोजता येण्याजोगे रूप दिले आणि गुळवेलीचा अभ्यास प्राण्यांपासून रुग्णशय्येपर्यंत क्रमाने नेला. दोन, या निबंधांचा प्रभाव संदर्भसूचीच्या पलीकडे, औषधकंपन्यांच्या मागणीमार्गे शहापूरच्या कातकरी संग्राहकांपर्यंत पोहोचला. तीन, या प्रवासात निष्कर्ष टिकला, पण रुग्ण, ओळख, मात्रा, कालावधी व देखरेख या अटी वाटेत सुटल्या आणि २०२१-२२ मधील यकृतविकाराच्या वादात त्याच पुन्हा समोर आल्या. चार, या अटींची आठवण देणारा निबंध त्याच गटाने १९९३ मध्येच लिहून ठेवला होता.

शहापूर-मुरबाड परिसरातील महाविद्यालयांना या इतिहासातून कामाची दिशा मिळते. वनस्पतिशास्त्र विभागाने संग्राहकांसोबत गुळवेलीच्या जातींची ओळख व तोडणीची रीत नोंदवावी, समाजशास्त्र विभागाने पाड्यांवरील काढ्यांच्या वापराचे सर्वेक्षण करावे आणि ही माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. वेल येथील आहे, तोडणारे हात येथील आहेत आणि काढा पिणारा रुग्णही येथील आहे. परळच्या प्रयोगशाळेत लिहिल्या गेलेल्या निबंधांतील ज्या अटी वाटेत सुटल्या, त्या पुन्हा जोडण्याचे काम येथूनच सुरू होऊ शकते.